दुर्रीवाल्यांची भिंत

गल्लीत त्यांना सगळे दुर्रीवाले म्हणत, पण ते त्यांच्या कानावर जाणार नाही इतके अंतर राखून. समोर आले की "मिस्त्री" म्हणत आणि वाट देत. जन्मभर त्यांनी कपाटे, मेजे आणि पेट्या घडवल्या. कोणताही सांधा पुरा झाला की ते खिशातून किलवरची दुर्री काढीत आणि तिची कड सांध्यावरून फिरवीत. पत्ता आत शिरला नाही तर काम पास. केसभर जरी शिरला तरी दुर्रीवाले एक शब्द बोलत नसत. लाकडी हातोडा उचलत आणि करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत ती वस्तू फोडून टाकीत. घरातल्या पत्त्यांच्या जोडात त्यामुळे किलवरची दुर्री कधी सापडलीच नाही. त्यांचा मुलगा पत्ते शिकला तोच मुळी एक पान कमी असलेल्या डावावर.

फोडलेल्या वस्तूचा एखादा तुकडा ते मुद्दाम राखून ठेवीत. कामाच्या खोलीत शिरताच समोर दिसेल अशा जागी एक जाडजूड खुंटी होती. तिच्यावर तो तुकडा टांगला जाई आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, त्याने विचारले नसतानाही, त्या तुकड्याची हकिगत ऐकवली जाई. एखाद्या कारागिराने गयावया केली तर दुर्रीवाल्यांचे उत्तर ठरलेले असे : "असू दे. गिऱ्हाइकांना दाखवायला होतो."

कारागीर बदलत तसे खुंटीवरचे तुकडे बदलत. एक मात्र बदलला नाही. तो एका कपाटाच्या खणाचा दर्शनी भाग होता, आणि तो केला होता दुर्रीवाल्यांच्या बायकोच्या सख्ख्या धाकट्या भावाने.

हा मेहुणा कोवळ्या वयात त्यांच्याकडे काम शिकायला राहिला होता. ओल्या दिवसांत लाकूड फुगते, खण अडकतो, म्हणून त्याने स्वतःच्या डोक्याने चारी बाजूंनी जराशी जागा सोडली. दुर्रीवाल्यांनी पत्ता लावला. तो सरळ आत जाऊन तळाशी पडला. "हा खण आहे की पोस्टाची पेटी?" त्यांनी विचारले. खोलीतले सगळे हसले; ज्यांचे तुकडे खुंटीवरून नुकतेच उतरले होते ते सर्वांत मोठ्याने हसले. मेहुणा त्याच दिवशी निघून गेला आणि पुढे घराबाहेरच्या लाकूडकामात शिरला : छपरे, कुंपणे, आणि घरांच्या बाहेरच्या भिंतींवर फळ्या चढवण्याचे काम. त्याहीपेक्षा, दुसऱ्यांनी चुकीच्या चढवलेल्या फळ्या काढून नीट बसवण्याचे काम. या जगात घाईने आणि अज्ञानाने काम करणाऱ्यांची टंचाई कधीच नसल्यामुळे त्याचे पोट उत्तम भरत होते. दुर्रीवाले त्याचा उल्लेख "फटवाला" असा करीत. त्याचा खण खुंटीवरच राहिला, आणि त्याची बहीण घर झाडून झाले की रोज फडक्याने तो पुसत राहिली.

हात थरथरू लागले तेव्हा दुर्रीवाल्यांनी गिऱ्हाइकांची कामे कमी केली. पण रिकामे बसणे त्यांना जमेना. बायकोच्या खोलीची रस्त्याकडची भिंत गिलावा सोडू लागली होती. तिला बाहेरून फळ्या लावायच्या असे त्यांनी ठरवले. मुलगा एवढेच म्हणाला, "मामांना विचारूया का, ते हेच काम करतात." त्यावर त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले गेले की तो जेवण अर्धवट सोडून कामावर गेला. तो फरशांच्या दुकानात विक्रेता होता, आणि मध्ये न पडणे हा त्याचा जन्माचा व्यवसाय होता.

दुर्रीवाल्यांनी आयुष्यभर जे लाकूड हाताळले ते घरात लाडाने बसून राहणारे. बाहेरच्या लाकडाला उन्हापावसात उभे राहायचे असते. ते ओले झाले की फुगते, वाळले की आकसते, आणि त्याला त्यासाठी जागा द्यावी लागते, हे त्यांच्या गावीही नव्हते. त्यांनी भिंतीचे कपाट केले. फळ्या थेट गिलाव्यावर टेकवल्या, मागे हवेला वाट म्हणून ठेवली नाही. एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत घट्ट ठोकली. प्रत्येक फळीला वरच्या कडेलाही खिळे आणि खालच्या कडेलाही. खिळ्यांची डोकी आत दाबून वर लांबी, म्हणजे खडू आणि तेलाचा लगदा, भरली. सर्वांत खालची फळी थेट मातीला टेकवली, कारण खाली फट दिसली असती. कापलेल्या टोकांना आणि मागच्या बाजूला रंग लावला नाही. जे दिसत नाही त्याला रंग कशाला? आणि वरून असे पॉलिश केले की समोरच्या दुकानातला शिंपी त्यात स्वतःचा चेहरा पाहून म्हणाला, "मिस्त्री, ही भिंत आहे की आरसा? बाहेर कशाला ठेवलीत, घरात घ्या!"

सारी गल्ली हसली. हसण्यातले शहाणपण कुणालाच कळले नाही, शिंप्यालाही नाही. दुर्रीवाल्यांनी पत्ता काढला आणि सगळ्यांसमोर भिंतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. कुठेही शिरला नाही. इतके अचूक चुकण्यासाठी आयुष्यभराचे कसब लागते.

पाऊस आला तेव्हा फळ्या फुगल्या. बाजूला सरकायला जागा नव्हती, म्हणून त्या पुढे आल्या. भिंतीने भरपेट जेवलेल्या माणसासारखे पोट काढले. ऊन पडले तेव्हा आकसल्या, पण दोन्ही कडा खिळ्यांनी धरून ठेवलेल्या, म्हणून मधोमध चिरल्या. दुर्रीवाल्यांनी पोटे रंध्याने तासली, चिरांत लांबी भरली, वर पुन्हा पॉलिश मारले. दर ऋतूला हेच. चिरांतून शिरलेले पाणी पॉलिशमुळे बाहेर निघेना, आणि खालच्या फळीला मातीचे पाणी चढतच होते. तिच्यावर कुत्र्याच्या छत्र्या उगवू लागल्या. गल्ली जागी होण्यापूर्वी ते उकिडवे बसून पटाशीने त्या कापून टाकीत आणि पिशवीत भरून लांब नेऊन फेकीत.

ओल आत उतरली. त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला बायकोचा पलंग होता. तोही दुर्रीवाल्यांनीच केलेला, कोनाड्याच्या मापात असा चपखल बसवलेला की तिन्ही बाजूंनी पत्ता जात नव्हता. आणि म्हणूनच तो फोडल्याशिवाय तिथून हलवता येत नव्हता. तिची उशी भिंतीला टेकलेली असे. आधी उशीला वास येऊ लागला. मग तिला खोकला सुरू झाला. मग धाप, श्वास घेताना छातीतून शिटीसारखा आवाज निघे आणि तो बाहेरच्या ओट्यापर्यंत ऐकू येई.

डॉक्टरांनी भिंतीवर बोट दाबले, ते गिलाव्यात रुतले. रुमालाला बोट पुसत ते म्हणाले, "औषध देतो. पण ही भिंत ओली आहे तोवर तुम्ही औषध हिला पाजताय की भिंतीला, ते सांगता येणार नाही. पुढचे ओले दिवस या खोलीत हिला झेपणार नाहीत."

"आई, तुम्ही आमच्या खोलीत चला," सून लगेच म्हणाली.

सासूने नवऱ्याकडे पाहिले. स्वतःचे मत बोलून दाखवण्याची सवय तिची केव्हाच मोडली होती.

"संसार याच खोलीत झाला," दुर्रीवाले म्हणाले. "आता काय पाहुण्यासारखी दुसऱ्यांच्या खोलीत पडून राहणार? खोलीत काही वाईट नाही. वखारवाल्यानं लाकूड नासकं दिलं, एवढंच आहे."

ती तिथेच राहिली. भिंत उघडायची तर फळ्या काढाव्या लागणार, आणि फळ्या काढायच्या तर गल्ली बघणार. दुर्रीवाल्यांच्या मनात याच्या पलीकडे काही येत नव्हते. दुष्टपणा म्हणावा तर तोही नव्हता. दुष्ट माणसाला निदान समोरच्याचे हाल दिसत असतात.

सुनेने मामेसासऱ्यांना निरोप धाडला.

मेहुणा सकाळीच आला. केस पिकले होते, पोट सुटले होते, पण चाल तशीच, अंगणात शिरताना भिंतीकडे तिरका बघत येणारी. ओट्यावर दुर्रीवाले बसले होते.

"बरं आहे ना, भावजी?"

"तुला कुणी बोलावलं?"

"मी बोलावलं," सून दारातून म्हणाली. "तुमची लाडकी भिंत जरा दाखवून घेऊ म्हटलं."

मेहुण्याने खिशातून पेचकस काढला, वाकला आणि सर्वांत खालच्या फळीत टोचला. तो पावात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा टोकावर काळे पाणी होते. त्याने ते हुंगले.

"पत्ता जात नाही म्हणता ना? पेचकस जातोय बघा."

"वखारवाल्यानं..."

"लाकूड चांगलं होतं हो. तुम्ही त्याला नाक दाबून मारलंत. मागे हवा नाही, पाय चिखलात, वरून दोन्ही हात खिळ्यांनी बांधलेले. ते बिचारं जाणार कुठे?"

"मला सांधा शिकवू नकोस," दुर्रीवाले म्हणाले. "तुझा सांधा अजून माझ्या खुंटीवर आहे."

मेहुण्याने पेचकस सावकाश पँटला पुसला. या वाक्याची तो कित्येक वर्षे वाट पाहत असावा. ते आयते हातात पडल्यावर त्याचा चेहरा अगदी शांत झाला.

"म्हणूनच सांगतो. भिंत मी नीट करून देतो. मजुरी नको, ताईचं घर आहे. अट एकच. पहिली फळी तुम्ही स्वतः काढायची. आणि इथं रस्त्यावर, सगळ्यांसमोर म्हणायचं : लाकूड बरोबर होतं, मी चुकीचं लावलं. बस."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर भिंत तुमची, पत्ता तुमचा."

"अहो मामा, आत कोण झोपलंय?" सून ओरडली. "सख्खी बहीण ना तुमची?"

"म्हणून तर फुकट करतोय."

तो बहिणीला भेटायला आत गेला. दुर्रीवाले उठून खिडकीपाशी उभे राहिले, आणि आतले त्यांना स्पष्ट ऐकू आले.

"आलास? बस."

"ताई, तू सांग त्यांना. एक वाक्य तर आहे. तुझ्या श्वासापेक्षा जड आहे का?"

"मग तू सोड ना अट. ती तरी माझ्या श्वासापेक्षा जड आहे का?"



"माझा खण टांगून ठेवलाय त्यांनी," मेहुणा म्हणाला. "आणि तू रोज पुसतेस. मला लोक येऊन सांगतात, ताई."

"पुसते. धूळ बसते."

"एकदा तरी काढून शेगडीत घालावासा नाही वाटला?"

तिला खोकल्याची उबळ आली. ती संपली तेव्हा प्रश्नही संपला होता. मेहुणा बाहेर आला, भावजींच्या अंगावरून गेला आणि फाटक उघडे टाकून निघून गेला. अशा रीतीने एकाला आपली अब्रू राखायची होती, दुसऱ्याला आपली अट. आणि दोघांच्याही वतीने खोकण्याचे काम एका बाईकडे आले.

ती दिवसेंदिवस खंगत गेली. आडवे झाले की श्वास अडे, म्हणून भिंतीला पाठ टेकून बसून राही, त्याच भिंतीला. एकदा मुलाने धीर करून म्हटले, "बाबा, म्हणून टाका ना. कोण लक्षात ठेवतंय?"

"तुला काय जातंय?" दुर्रीवाले म्हणाले. "तुमच्या धंद्यात फटी सोडतात आणि वर त्यात सिमेंट भरून गिऱ्हाइकाला नक्षी म्हणून सांगतात."

एका दुपारी आभाळ भरून आले होते. सून कामाच्या खोलीत गेली, कटावणी उचलली आणि रस्त्यावर जाऊन भिंतीच्या मधल्या फळीत खुपसली. लाकूड करकरले. दुर्रीवाले ओट्यावरून धावत आले.

"अगं तिथे नाही! चिरेल ती!"

"चिरू दे."

"मधे नाही घालायची, खिळ्याजवळ घाल. आणि वरून सुरुवात करतात, मधून नाही! काय हात आहे का पाय? दे इकडे."

त्यांनी कटावणी हिसकावून घेतली. बायको आत गुदमरत होती तेव्हा हलले नव्हते ते हात एक फळी वाकडी चिरली जाताना पाहून हलले. शिडी लावून त्यांनी वरची फळी खिळ्यागणिक सैल करत, कुठेही टवका न उडवता, अखंड उतरवली. मग तिच्या खालची. मग हातच थांबेनात. उशीच्या उंचीपर्यंत आले तेव्हा फळीच्या मागे पांढरे तंतू होते, काळा चिकट लगदा होता, गंजून सुईसारखे बारीक झालेले खिळे होते, आणि गिलावा तर उरलाच नव्हता. त्यांनी भिंतीवर पंजा ठेवला. भिंत गार असायला हवी होती. ती कोमट होती. पलीकडे बायकोची पाठ टेकलेली होती, आणि शिटी त्यांच्या तळव्यात थरथरत होती.

"बघितलंत?" सून म्हणाली.

त्यांनी हात काढून घेतला. "बोलव त्याला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मेहुणा माणसे आणि सामान घेऊन आला. गल्ली खेळ बघायला यावी तशी जमली होती. शिंप्याने तर स्टूलही आणले होते.

"फळी काढलीत. अर्धी अट झाली," मेहुणा म्हणाला.

दुर्रीवाले स्वतःच्या पायांना म्हणाले, "लाकूड बरोबर होतं. मी चुकीचं लावलं."

"शिंपीमास्तरांना ऐकू नाही आलं, भावजी."

"आलं, आलं," शिंपी घाईघाईने म्हणाला. मजा बघायला आलेल्या माणसालाही एवढी लाज पुरेशी असते.

"मला नाही आलं."

दुर्रीवाल्यांनी मान वर केली आणि मोठ्याने पुन्हा म्हटले. गर्दीत कुणी हसले नाही. मेहुण्याने बाह्या सरसावल्या, कामाला हात घालणार, एवढ्यात खिडकीतून आवाज आला. बारीक, धापेने तुटलेला, पण सगळ्यांना कळेल असा.

"मला पण ऐकू नाही आलं."

मेहुणाही दचकला. दुर्रीवाल्यांनी खिडकीकडे पाहिले. आतला चेहरा त्यांना नीट दिसत नव्हता. गजांवर धरलेली बोटे तेवढी दिसत होती. तिसऱ्यांदा ते वाक्य त्यांनी त्या बोटांना उद्देशून म्हटले, आणि तेव्हा मात्र त्यांचा आवाज फाटला.

"हं," आतून आले. बोटे गेली.

तिला सुनेच्या खोलीत नेले. आतून गिलावा करायचा तर पलंग हलवणे भाग होते. मुलाने, कुणी सांगितले नसताना, कामाच्या खोलीतून लाकडी हातोडा आणला आणि पहिल्याच घावात पलंगाची कड फोडली. त्याला थांबवायला कुणी गेले नाही. त्याचा चेहरा बघून जवळ जायची कुणाला इच्छाही झाली नाही.

भिंत पुरती वाळेपर्यंत मेहुण्याने एकही फळी चढवू दिली नाही. मग उभ्या पट्ट्या ठोकल्या, म्हणजे फळ्यांच्या मागे वारा खेळावा. जुन्या फळ्यांतल्या चांगल्या निवडल्या, त्यांच्या जिभा उडवल्या, कुजकी टोके कापली, पाठीला आणि टोकांना रंग पाजला. खालची फळी मातीपासून वीतभर वर. वरची फळी खालचीवर थोडी चढवलेली, आणि खिळा असा की तो एकाच फळीतून जावा. म्हणजे फुगताना कुणी कुणाला धरून ठेवणार नाही. खिडकीवर पत्र्याची पट्टी. कोपऱ्यांत नाण्याच्या जाडीची फट. दुर्रीवाले ओट्यावरून बघत होते आणि प्रत्येक फट त्यांना किडक्या दाढेसारखी कळ देत होती.

शेवटच्या कोपऱ्याशी मेहुणा म्हणाला, "भावजी, दुर्री द्या बघू."

त्यांनी दिली. मेहुण्याने ती फटीत धरली आणि सोडली. पत्ता सळसळत भिंतीच्या आत खाली गेला. हात सुटला की सोडला, हे त्यालाच माहीत.

"गेला की. पोस्टाची पेटीच आहे ही," तो म्हणाला. "हवा असेल तर फळी काढा."

जाताना तो कामाच्या खोलीत गेला. खुंटीवरून आपला खण उतरवला. रोजच्या पुसण्याने तो इतका गुळगुळीत झाला होता की त्याने दोनदा उलटसुलट करून पाहिला. मग काखेत मारला. रिकाम्या खुंटीवर त्याने सर्वांत खालच्या फळीचा तुकडा टांगला : कुजलेला, काळा, कुत्र्याच्या छत्र्यांसकट.

भिंत कोरडी राहिली. ओले दिवस आले आणि गेले. शिटी पुरती गेली नाही, कारण छाती म्हणजे काही फळी नव्हे, की कुजका भाग कापून टाकला आणि भागले. पण धाप बसली. एका सकाळी बायको भिंतीला धरून उठली, स्वयंपाकघरातून फडके घेतले आणि कामाच्या खोलीत आली. दुर्रीवाले तिथे बसले होते, हातात काही काम नसताना. तिने खुंटीवरची फळी पुसायला घेतली, एकेक छत्री बोटाने वर धरून, तिच्या खालूनसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी त्यांच्याने राहवले नाही.

"काढून टाकू का ती?"

"कशाला?" फडके झटकत ती म्हणाली. "असू दे. गिऱ्हाइकांना दाखवायला होते."

"आता गिऱ्हाईक येतंय कुठे?"

"मग तुम्ही बघा," ती म्हणाली, आणि धूळ राहिली होती तिथे पुन्हा एकदा हात फिरवला.